हौदाचा नंबर

राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर
दोनच शब्द होते: ॲडमिन, ॲडमिन.
मी बॅटरी लावून ते वाचले
आणि आधी तेच बदलले.
दादा बाजेवरून म्हणाले, काय करायलीस?
म्हटलं, दार बसवतेय.
"आपल्या घराला हाये की दार."

कॅमेरा त्यांनी मागच्या दिवाळीतच नाकारला होता.
मपल्याच घरात मला कुणी बगायचं न्हाई.
मग ठरलं ते एवढंच:
परसातल्या हौदावर एक बोटभर यंत्र,
पाण्याची उंची मोजणारं,
आणि तो आकडा मला हैदराबादेत दिसावा.
"पाण्यात काय बगायचंय तुला?
नळ आठ दिसाला येतो, म्हाईत हाय की."
असू द्या, म्हटलं.

यंत्राला घरातला एक पत्ता कायमचा नेमून दिला,
शेवटी पन्नास,
नाहीतर लाइट गेली की ते
घरातल्या घरात बिऱ्हाड बदलायचं.
मग नियम लिहिला:
बाहेरून आठ हजार चारशे त्रेचाळीसवर जो येईल
आणि ज्याच्याकडे किल्ली असेल
त्याला हौदापर्यंत सोडा.
बाकी कुणाला कुठंच नाही.

दादा मागे येऊन उभे, चष्मा कपाळावर.
बत्तीस वर्षं मानवतच्या एक्स्चेंजात,
त्यातली पहिली नऊ हातांच्या बोर्डापुढं:
जिनिंगवाल्याचं शटर पडायचं, टक्,
की कॉर्ड उचलून परभणी.
"म्हंजे भायेरून रिंग आली
की तू आत कॉर्ड खुपसायलीस."
हो.
"मंग एवढं इंग्रजी कशाला?"

पण आकडा दिसेना.
मोबाइलचा डेटा लावून, बाहेरची होऊन,
मी स्वतःच्याच घरावर दहा वेळा टकटक केली.
राउटर आपला पत्ता एक सांगायचा,
जग दुसराच.
केबलवाला मुजाहिद फोनवर हसला.
"बाजी, पूरे मोंढे का एकीच पत्ता है.
अलग होना तो महिने को दो सौ जास्ती."
"पार्टी लाइन," दादा म्हणाले.
"एका तारंवर चार घरं.
औषधवाल्याच्या पोरीची सोयरीक मोडली होती तिच्यापायी."
दोनशे त्यांनीच काढले पेन्शनीतून,
दोनदा मोजून.

दुसऱ्या दिवशी नियम तोच, आणि आकडा उमटला:
एकशे अकरा.
मी ओरडलेच. दादांनी आत जाऊन
पट्टी बुडवून बघितली. एकशे दहा.
"एकाचा फरक हाये तुज्या इंटरनेटात."

तासाभरात नोंदींमध्ये अनोळखी पत्ते.
कुणी बाविसावर, कुणी तेविसावर,
कुठकुठल्या देशांतून लोक
आमच्या परसाच्या कड्या हलवून बघत होते.
माझे हात गार पडले.
दादा चहा ओतत होते.
"ब्लँक कॉल. आमाला बी यायचे. उचलायचाच न्हाई."

आता हैदराबादेत, ऑफिसच्या बसमध्ये,
सहा वीसला आकडा एकानं उतरतो.
म्हणजे उठले. म्हणजे आंघोळ.
हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यात शेजारच्या गयाबाईंचा फोन:
दादाला ताप हाय, तिसरा दिस,
आंगूळ न्हाई की काय न्हाई.
मी मागच्या नोंदी काढल्या.
तिन्ही दिवस, सहा वीस, एकानं कमी.
"व्हय की," गयाबाई म्हणाल्या,
"भिंतीला धरून येतेत हौदापशी,
एक बादली काढतेत, तगरीला घालतेत,
पुन्हा जाऊन निजतेत.
म्या म्हणलं, द्या, मी घालते.
तर म्हणतेत, राहू दे, लाइनवर मी हाये."

रात्रीची गाडी धरली.
मानवत रोडला उतरले तेव्हा सव्वासहा.
रिक्षावाला हाका मारत होता,
मी फलाटावरच बॅग टेकवून
मोबाइल धरून उभी.
एकशे चार.
एकशे चार.
एकशे चार.
एकशे तीन.